छपरातली फळी

लेक संगणकावर खेळत होती. जंगलात एकट्यानं तगून राहायचं, असा तो खेळ. तिनं लाकडी घर बांधलं, आत शेकोटी पेटवली आणि तिच्या खेळातला माणूस धुरानं खोकत खाली बसला. "धुराला वाटच ठेवली नाही मी," म्हणत तिनं छपराची एक फळी काढली. माणूस उठला.

मला गावाकडची धाकटी जाऊ आठवली. कौलं उतरवून दिरांनी स्लॅब टाकला, चूल तिथंच राहिली. कौलांच्या फटींतून जाणारा धूर आता घरातच कोंडतो. मी दिरांना फोन लावला, धुराला वाट करा म्हटलं.

"स्लॅबला भोक पाडलं तर गळेल, वहिनी."

"मग भिंतीला पाडा."

"नवाच रंग दिलाय."

त्यांच्या मागून खोकला ऐकू येत होता. त्यांना तो सवयीचा झाला असावा.