खिसा नसलेला सदरा

साखरखाडीच्या कोळीवाड्यात शिवदास मास्तर ज्या सदऱ्यात वावरत, त्याला खिसा नसे. शिंपी बिचारा सवयीनं लावून टाकायचा आणि मास्तर दुकानात उभे राहून तो उसवून घ्यायचे. खडू कानावर, पंचा खांद्यावर. पैशांचं नाव काढलं की ते नीराबाईच्या घराकडे बोट दाखवत आणि वेलांटी कशी काढावी यावर बोलू लागत.

ही विरक्ती उपजत नव्हती. एकोणीसशे एकोणसाठच्या गणपतीनंतर ते पालीजवळच्या आपल्या गावातून इथं आले, तेव्हा तेवीस वर्षांच्या या शिवदासच्या सदऱ्याला दोन खिसे होते आणि आतून एक चोरखिसा. प्रौढांना लिहायला वाचायला शिकवणाऱ्या एका संस्थेचा तो स्वयंसेवक. महिना तीस रुपये. सेवेच्या पैशाला पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. फरक एवढाच, की पगार उशिरा आला तर भांडता येतं.

घरी भातशेती. वडील रावजी पक्के माळकरी. त्यांच्या उंबऱ्याला मासळीची सावलीसुद्धा चालत नसे. मुलासाठी त्यांनी माणगावच्या भातगिरणीत कारकुनाची जागा बघून ठेवली होती, आणि मुलगा निघाला कोळ्यांना बाराखडी शिकवायला! रावजींनी तंबाखू मळत निकाल दिला होता.

"जा. पुढच्या नारळी पौर्णिमेपर्यंत घरातून एक दाणा, एक पै मागितली नाहीस, तर मी गिरणीचं नाव काढणार नाही. मागितलीस, की दुसऱ्या दिवशी गिरणीत."

"कबूल," शिवदास म्हणाला. तीस रुपये म्हणजे किती असतात याचा त्याला तेव्हा अंदाज नव्हता.

नीराबाईच्या पडवीत त्यानं बिऱ्हाड मांडलं आणि पहिला महिना मध्यावर येईपर्यंत तिन्ही खिसे धुतल्यासारखे स्वच्छ झाले. व्यसन काही नव्हतं. कुणाकडे पाटी नाही, घेऊन दिली. कुणी चार आणे मागितले, दिले. वर्गाला येणाऱ्यांना वाटेत ठेच लागू नये म्हणून एक टॉर्च घेतली. तिला महिन्याला दोन सेल लागत. मास्तरपेक्षा टॉर्च नेमानं जेवायची.

त्यात संस्थेकडून रंगीत चित्रं आली. विषय: काटकसर. एका चित्रात मुंगी दाणा ओढत होती. सकाळपासून नुसत्या चहावर असलेला शिवदास कंदिलाच्या उजेडात मुंगीचे गुण सांगू लागला. सांगता सांगता त्याची नजर मुंगीवरून दाण्यावर गेली आणि तिथंच राहिली.

ते नीराबाईनं हेरलं. पन्नाशीची, आवाज असा की बाजारात तिनं भाव पुकारला तर गलबतातली माणसं वळून बघत. पाटी बाजूला ठेवून ती म्हणाली, "मास्तरा, त्या मुंगीचं ऱ्हाऊ दे. तुजं पैसं कोन सांबालतं?"

"मीच."

वर्ग असा हसला की कंदिलाची वात हलली. नीराबाईचा नवरा बुधाजी तर डोळे पुसायला लागला. "आरं देवा! पुरुषाच्या हाती पैसा?"

"मग तुमचे कुणाकडे असतात?"

"माज्याकडं?" बुधाजीनं कमरेच्या तिकोनी रुमालाकडे बघितलं. "हितं खिसा कुटं हाय? आमी दर्यावर जायाचं, म्हावरा आनून हिच्या फुडं वतायचा. इकनार ही, ठेवनार ही."

"आणि विडीला पैसे लागले तर?"

"मागतंय."

"नाही दिले तर?"

"मंग वडत न्हाय. खोकला बी कमी हाय."

शिवदासला यात हसण्यासारखं वाटलं; कोळीवाड्याला मात्र त्याची काळजी वाटली. धडधाकट पोर, शिकलेलं, आणि पैसे स्वतःजवळ ठेवतं! आई लांब, बायको नाही. कुणीतरी धरायलाच हवं. नीराबाईनं तिथल्या तिथं धरलं.

"फुडल्या महिन्यापून मनीऑर्डर माज्या हाती."

तेव्हापासून पोस्टमन आला की सही शिवदासनं करायची आणि नोटा त्याच्या डोळ्यांदेखत नीराबाईच्या कनवटीला जायच्या. तांदूळ, डाळ, रॉकेल ती आणून टाकी. पडवीचं भाडं आपलं आपणच कापून घेई. टॉर्च पहिल्याच दिवशी बंद झाली.

"काळोखात जाळं टाकनारी मानसं ती. त्यांना तुजा उजेड कशाला?"

पोस्टकार्डाला पैसे मागितले तर विचारी, "कोनाला?"

"मित्राला."

"गेल्या हप्त्यात धाडलं व्हतंस ना? त्याचा जवाब आला?"

"नाही."

"मंग आता त्याची पाली."

शिवदास चरफडे, पण महिन्याच्या शेवटी ताटात भात असे आणि पोट भरलं की चरफड टिकत नाही. वर्गही रंगला. बुधाजी आपल्या होडीचं नाव खडूनं लिहू लागला. ते लिहिताना तो जीभ बाहेर काढी आणि वाऱ्याला शिव्या द्याव्यात तशा जोडाक्षरांना देई. वर्गाची परीक्षा होती नारळी पौर्णिमेच्या आधी, आणि वर्गातला एकही माणूस मास्तरशिवाय परीक्षेला बसायला तयार नव्हता.

चैत्रापासून पडवीत एक वास येऊ लागला. कोळीवाड्यात वास येणं ही काही तक्रार नव्हे. पण हा रात्रंदिवस उशाशी. शिवदासनं उदबत्तीला पैसे मागितले आणि नीराबाईनं एका शब्दानं न विचारता दिले. मास्तरला वाटलं, बाईच्या मनाला पाझर फुटला.

मग एक मे आला, नवं राज्य झालं, शिवदासनं वर्गाला 'महाराष्ट्र' लिहायला शिकवलं, आणि मनीऑर्डर यायची थांबली. जूनमध्येही आली नाही. संस्थेचं पत्र आलं: कागद या कचेरीतून त्या कचेरीत चालले आहेत, धीर धरावा. कागद कुठे चालले होते कोण जाणे. पाऊस मात्र वेळेवर पोचला. होड्या किनाऱ्यावर ओढल्या गेल्या, तांदळाचा डबा रिकामा झाला, आणि नीराबाईच्या चुलीवरची पेज दोन वेळा पिताना शिवदासला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पावसाळ्यात तिच्या घरात तरी कुठे मिळकत होती?

शेवटी माणगावची गिरणी डोळ्यांपुढे घरघरू लागली. त्यानं मनातल्या मनात वडिलांना पत्र जुळवलं आणि नीराबाईपुढे उभा राहिला.

"मावशी, पोस्टकार्डाला पैसे द्या."

"कोनाला?"

"वडिलांना."

"काय लिवनार?"

शिवदासनं मान खाली घालून सगळं सांगितलं. पैज, गिरणी, नारळी पौर्णिमा. नीराबाईनं शांतपणे ऐकलं.

"न्हाय देत."

"मग माझी शिल्लक तरी द्या! दर महिन्याला तुम्ही काही बाजूला टाकत होतात ना?"

"टाकत व्हते. वर बग."

शिवदासनं वर बघितलं. त्याच्या अंथरुणाच्या बरोब्बर वर, माळ्यावर, ताडपत्रीखाली करंड्या रचल्या होत्या. सुके बोंबील आणि सुकट. चैत्रात स्वस्त असताना घेतलेले. तीन महिने तो आपल्याच इस्टेटीला उदबत्ती ओवाळत होता.

त्याचा हात गळ्यातल्या तुळशीच्या माळेकडे गेला. "मावशी! मी माळकरी आहे!"

"तू हायस. पैसं माळकरी न्हाईत."

संतांनी या बाबतीत काही सांगून ठेवल्याचं त्याला आठवेना.

"मग विकून टाका लवकर!"

"आता इकलं तर फायदा काय? आषाढात वरच्या भाताच्या गावांत लावनी सुरू व्हईल. दिसभर चिखलात भिजलेल्या मानसाला भाकरीसंगं काय पायजे?" मग तिनं सहज विचारलं, "तुजं गाव पालीपासून कुनीकडं रं?"

आषाढात एका सकाळी बोंबलांची करंडी आणि मिठाची पाटी घेऊन ती निघाली. एस. टी.च्या टपावर माल, नागोठण्यापासून पायपीट. दरसाल कोळणी तशा जातच. सुकी मासळी द्यायची, तांदूळ घ्यायचे. पण या खेपेला ती कुठे गेली हे शिवदासला कळलं होतं आणि चार दिवस त्याला झोप नव्हती. माळकऱ्याच्या दारात आपले बोंबील!

ती परतली तेव्हा तांदळाची गोणी बैलगाडीतून उतरली. शिवदासनं गोणीकडे पाहिलंही नाही.

"आमच्या घरी गेला होतात?"

"गेलते. तुज्या बापानं लांबूनच हात हालवला. 'आम्ही माळकरी, पुढं जा.' मी म्हनलं, फुडूनच आले, करंडी मोकली करून. तुमच्याकडं मीठ इकायला आले."

"बोंबील कुणाचे ते नाही ना सांगितलंत?"

"सांगितलं की. तुमच्या पोराचं म्हनलं."

शिवदासनं गळ्यातली माळ सदऱ्याच्या आत सारली. "मग?"

"आये तुजी पदर तोंडाला लावून हसली. बाप न्हाय हसला. पोरगा जेवतो का, इचारलं. म्हनलं, पेज पितो. तसा उठला नि पायली भरून तांदूल आनलं. 'न्या पोराला.'"

"घेतलेत?"

"फुकट कशी घेईन? तुजी पैज बुडंल. म्हनलं, मीठ घ्या, मापाला माप. पोरानं मागितलं न्हाय, मी इकाया आले." तिनं हवेत तळहात आडवा फिरवला. "पायली शिगोशीग भरली व्हती रं त्यानं. मी हातानं शीग पाडली. सपाट माप घेतलं."

शिवदासनं तेव्हा कुठे गोणीकडे पाहिलं.

तांदूळ पुरले. परीक्षा झाली, बुधाजीनं होडीचं नाव एका दमात लिहिलं, त्यात जोडाक्षर धरून एकच चूक. नारळी पौर्णिमेला वाड्यानं दर्याला नारळ वाहिला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस. टी.नं रावजी आले. धोतर गुडघ्यापर्यंत वर, नाकाला उपरणं, हातात फडक्याचं छोटंसं गाठोडं. पडवीत टेकले. मुलाकडे, मग रिकाम्या माळ्याकडे बघितलं आणि गाठोडं पुढे सरकवलं.

"काय आहे हो हे?" शिवदासनं विचारलं.

"त्या दिवशी या बाईंनी मापावरची शीग पाडली. ती राहिली होती." रावजींनी उपरणं नाकावरून खाली घेतलं. "मुदत संपली ना काल? मग झालं."

गिरणीचं नाव त्यांनी काढलं नाही. नीराबाईनं गाठोडं उचललं, हातात तोललं आणि तांदळाच्या डब्यात ओतलं. रावजी परतीच्या भाड्यासाठी बंडीच्या खिशात हात घालून चाचपू लागले, एकदा या खिशात, एकदा त्या खिशात. नीराबाई कमरेवर हात ठेवून बघत राहिली. मग तिच्यानं राहवेना.

"बाबा," ती म्हणाली, "तुमचं पैसं कोन सांबालतं?"