मोठ्या भावाचा कोट

धुळ्याच्या आग्रा रोडवर भिकमचंद शेठचं कापडाचं दुकान होतं. थोरला मुलगा मोहनलाल मालाच्या ट्रकमधून येताना सोनगीरजवळ अपघातात गेला आणि धाकट्या दलिचंदला कॉलेज सोडून गादीवर बसावं लागलं. पोरगा लाजरा. गिऱ्हाइकाशी बोलायचा तोही कापडाच्या ठाणाकडे बघून.

त्या थंडीत आईने, जतनबाईने, मोहनलालचा बंद गळ्याचा कोट पेटीतून काढला आणि त्याच्या अंगावर चढवला. बाही खाली ओढता ओढता दलिचंद म्हणाला, "माँ, ह्याच कोटात भाऊ तुझ्याशी भांडला होता. तू त्याला फौजेत जाऊ दिलं नाहीस म्हणून."

जतनबाईने हात मागे घेतला. ते भांडण झालं तेव्हा घरात ती आणि मोहनलाल, ह्या दोघांशिवाय कोणी नव्हतं.

हे त्या एका कोटापुरतं नव्हतं. कोणाचंही वापरलेलं कापड हाताला लागलं की दलिचंदला त्या माणसाचं काहीबाही कळायचं. डोळ्यांपुढे चित्र येत नसे, आवाजही येत नसे. आपल्याच आयुष्यातलं काही आठवावं, तसं ते आठवायचं. त्याला भीती वाटायची ती ह्याचीच.

गिऱ्हाइकांच्या तोंडून हे गावोगाव पोचलं. दुष्काळाच्या साली सातपुड्याच्या पायथ्याकडून बिजलीबाई नावाची बाई आली. नवरा, खेमा, गुजरातकडे कामाला गेला तो परतला नव्हता. तिने त्याचा मळका सदरा दलिचंदपुढे ठेवला.

"तो जिवत शे का, भाऊ? इतलंच सांग."

दलिचंदने सदरा मांडीवर घेतला. त्याची शिवण बोटांनी चाचपली. मग म्हणाला, "जिवंत आहे. पाय अधू झालाय. नवापूरच्या पलीकडे विटांच्या भट्टीवर आहे. लंगडत कसं यायचं म्हणून येत नाही."

बिजलीबाईचा दीर गेला आणि खेमाला बैलगाडीत घालून घेऊन आला. मग काय, दुकानाच्या पायऱ्यांवर माणसं बसू लागली. कोणाच्या हातात टोपी, कोणाच्या हातात लुगडं. बाया दलिचंदच्या पाया पडायच्या आणि तो पाय धोतरात ओढून घ्यायचा.

घरात तर वेगळंच सुरू झालं. जतनबाई म्हणू लागली, "माझा मोहन ह्याच्यात उतरलाय."

भिकमचंद शेठ म्हणाले, "जीव गेला तो पुढच्या जन्माला गेला. मुनिमहाराजांच्या व्याख्यानात इतकी वर्षं काय ऐकलंस?" पण बायकोपुढे त्यांचं काही चाललं नाही. ती दलिचंदला मोहन म्हणून हाक मारायची, मोहनच्या ताटात वाढायची. दलिचंदला चुरमा आवडत नसे, मोहनला फार आवडायचा. एके दिवशी त्याने चुरमा मागून घेतला आणि घास तोंडात असतानाच तो दचकला. कोट आता तो उन्हातही काढत नव्हता. आरशात बघताना आपण कोणाकडे बघतोय, ते त्याला सांगता येईना.

मोहनलालची विधवा, तारादेवी, हे सगळं घुंघटाआडून बघत होती. शेजारणी तिच्याकडे बघून कुजबुजायच्या. एका दुपारी सासू मंदिरात गेली तेव्हा ती गच्चीवर आली. दलिचंद पापड राखत बसला होता.

"देवरजी, तुम्ही ते आहात का?"

"मला कळत नाही, भाभी. त्याचं सगळं मला आठवतं."

"माल आणायला जायच्या दिवशी ते मला काय म्हणाले?"

दलिचंदने कोटाची कड मुठीत धरली. "कोटाचं बटण तुटलं होतं. तुम्ही लावत होतात, पण उशीर होतो म्हणून तो कोट ठेवूनच निघाला. तो म्हणाला, परत आल्यावर तुला शाळेत घालतो, पुढचं शिक."

तारादेवीने हात पुढे केला. ती म्हणाली, "कोट काढा. माझ्याकडे द्या."

त्याने दिला.

"आता सांगा. त्यावर मी काय म्हणाले?"

दलिचंदने डोळे मिटले. खूप शोधलं. हाती काहीच लागेना. "नाही सांगता येत."

"ते असते तर त्यांना कोट लागला नसता," तारादेवी म्हणाली. "मी हसले होते, आणि ते हसणं त्यांना फार आवडायचं. तुम्ही ते नाही. तुम्ही दलिचंद आहात." बोलता बोलता ते तिलाही आत्ताच पुरतं कळत होतं.

दलिचंद लहान मुलासारखा रडला. रडताना त्याला हलकंही वाटत होतं.

संध्याकाळी तो कोट न घालता, नुसत्या सदऱ्यावरच आईपुढे उभा राहिला. "माँ, भाऊ गेला. मी दलू आहे." जतनबाईने त्याच्या थोबाडीत मारली. मग कित्येक दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. बोलली तेव्हाही एवढंच, "दलू, जेवून घे." त्या दिवशी मोहनलालसाठी ती पहिल्यांदा मोकळेपणी रडली.

माणसं येतच राहिली. दलिचंद त्यांना नाही म्हणाला नाही, पण आता कापड हातात घेण्याआधी तो स्वतःचं नाव पुटपुटायचा. कोणी महाराज म्हटलं तर सांगायचा, "मी कापडवाला दलिचंद." पुढच्या जूनमध्ये तारादेवीला जळगावच्या अध्यापिका विद्यालयात घालायचं त्यानेच लावून धरलं. आठवडाभर घरात वाद झाला. शेवटी शेठ म्हणाले, "जाऊ दे तिला."

स्टँडवर तिचं गाठोडं एसटीच्या टपावर चढवताना त्याला त्याच्या कापडातून तिची भीती कळली. त्याने त्यातलं काही बोलून दाखवलं नाही. खिडकीशी जाऊन म्हणाला, "भाभी, रविवारी मी जळगावला, पिंप्राळ्याच्या मामांकडे येणार आहे. काही लागलं तर त्यांच्याकडे निरोप ठेवा."

"या," ती म्हणाली, आणि घुंघट मागे सारून बसली.