मामाची बेलबॉटम अक्षरं

माझा मामा पाट्या रंगवतो. अंगानं काडीपैलवान, पण त्याची अक्षरं मात्र पोटं सुटलेली, गोबऱ्या गालांची आणि खाली बेलबॉटम घातलेली. तरुणपणी ती फॅशन आली तेव्हा मामानं स्वतःला एक पँट शिवून घेतली आणि तीच अक्षरांनाही चढवली. पुढे त्याच्या पँटची फडकी झाली, अक्षरांनी काही कपडे बदलले नाहीत. वकील असो नाहीतर दातांचा डॉक्टर, सगळ्यांना तेच. शवपेट्या विकणाऱ्याची पाटी त्यानं इतकी गुबगुबीत केली, की लोक आइस्क्रीम मागायला आत शिरायचे.

मोजमापाशी मामाचं वाकडं. "मोजलं की अक्षर रुसतं," असं म्हणून तो थेट ब्रश चालवायचा. त्यामुळे पहिली अक्षरं मांडी ठोकून बसायची आणि शेवटची कडेला अंग चोरून उभी. गिऱ्हाइकं कुरकुरायची, पण पाटी लांबून वाचता येते म्हणून पुन्हा त्याच्याकडेच यायची.

घरच्या दारावरही हेच. लग्न झाल्यावर त्यानं पाटी रंगवली, तर आधी स्वतःचं नाव, ऐसपैस. मामीचं नाव उरलेल्या कोपऱ्यात, स्क्रूच्या खाली. मामी पुढे मुख्याध्यापिका झाली, तरी नवा पोस्टमन तिचं टपाल हातात धरून विचारायचा, "या बाई इथंच राहतात का?" मामा दर वेळी म्हणायचा, "रंगवतो गं नवीन." पण दिव्याखाली अंधार तो अंधारच.

निवृत्त झाली त्या दिवशी मामी बॅग भरून आमच्याकडे, म्हणजे चक्क नणंदेच्या घरी आली.

"शाळाभर पोरं माझं नाव ऐकून चळचळ कापायची," ती आईला म्हणाली, "आणि माझ्याच दारात मी स्क्रूखाली. नवी पाटी लागेपर्यंत जाणार नाही मी."

आईनं तिला स्वतःचा पलंग दिला. न्यायला आलेल्या भावाला मात्र आल्या पावली परत पाठवलं.

आठवडाभरात मामाचा चेहरा उतरला. स्वयंपाक त्याला येतो, त्यामुळे उपासमार नव्हती. वाद घालायला कुणी नव्हतं. मग एका सकाळी तो रंगानं बरबटलेल्या बोटांनी दारात उभा राहिला. "चल. बघून तरी घे."

आम्ही सगळेच गेलो. दारावर मामीचं नाव होतं, गुटगुटीत, या कडेपासून त्या कडेपर्यंत. शेवटचं अक्षरही पहिल्याइतकंच जाड. मामाचं नाव कुठंच नव्हतं.

मामीनं चष्मा लावला. "तुमचं कुठंय?"

"जागा उरली नाही."

"म्हणजे याही वेळी मोजलं नाहीत."

"मोजलं," मामा म्हणाला. "पहिल्यांदाच."

मामीनं जवळ जाऊन पाहिलं. अक्षरांखाली पेन्सिलीच्या रेघा अजून दिसत होत्या. मग तिनं बॅग मामाच्या हातात दिली आणि आत गेली.

हल्ली पोस्टमन मामाचं टपाल हातात धरून विचारतो, "हे गृहस्थ इथंच राहतात का?"

"सध्या तरी," मामी आतून सांगते.