कोळशाची खूण

दापोडीतल्या आमच्या घरामागे रेल्वेच्या भिंतीपर्यंत तीन खाटा मावतील एवढी मोकळी जागा आहे. त्या जागेत माझ्या पत्नीने बरीच वर्षं भाजी पिकवली आणि चार कोंबड्या पाळल्या. मी कॉलेजच्या ग्रंथालयात होतो. ताटात आलेली वांगी खायची, एवढाच माझा त्या जागेशी संबंध.

गेल्या हिवाळ्यात ती गेली. पुण्यानुमोदनाच्या दिवशी तिचा धाकटा भाऊ, चाकणच्या पलीकडच्या गावातून आलेला माझा मेहुणा, निघताना म्हणाला, "दाजी, कोंबड्या मी नेतो. तुमाला न्हाई जमायचं." मी बघू म्हणालो. खरं तर मलाही तसंच वाटत होतं. पण तिची एवढीच एक गोष्ट घरात हलती-बोलती राहिली होती, आणि ती लगेच कुणाच्या हाती देववेना.

भाजी मला जमली. बियांच्या पाकिटावर सगळं लिहिलेलं असतं आणि लिहिलेलं मला कळतं. अर्धे कापलेले निळे ड्रम तिने भंगारवाल्याकडून आणून मातीने भरून ठेवलेच होते. त्यांतून मेथी आली, पालक आला, दुधीचा वेल भिंतीवर चढला. सकाळी उठून पहिल्यांदा तिकडे जावंसं वाटू लागलं, हे मला नवीन होतं.

कोंबड्यांचं कुठेच काही लिहिलेलं नव्हतं. पहिल्या आठवड्यात मी खुराडं झाडून काढलं. अंडी घालायच्या पाटीत पेंढ्यावर एक अंडं होतं आणि त्यावर कोळशाने काळी फुली मारलेली होती. ग्रंथालयात बाद करायच्या पुस्तकांवर आम्ही अशीच फुली मारत असू. हलवून पाहिलं तर आत डुचमळलं. मी ते कचऱ्यात टाकलं, पाटीत स्वच्छ पेंढा घातला, आणि पुढचे काही दिवस जी अंडी मिळाली ती सगळी नेमाने उचलून घरात ठेवली.

मग अंडी बंद झाली. चारही कोंबड्यांची. खात होत्या, पीत होत्या, पण पाटी रिकामी. रोज दुपारी त्यातली तांबडी बराच वेळ ओरडायची. पुढच्या खोलीत पुस्तक हातात घेऊन मी ते ऐकत बसायचो आणि मला वाटायचं, हिला आठवण येते. या घरात आपण एकटेच नाही, असंही वाटायचं. तिच्या ओरडण्याची वेळ झाली की मी वाचणं थांबवून ऐकू लागलो होतो.

उन्हाळा लागला तसं मला ते सोसवेना. मी मेहुण्याला फोन केला. "त्या इथे झुरतायत. रविवारी येऊन घेऊन जा. तिच्या माहेरी तरी बऱ्या राहतील." त्याने कुठलाही प्रश्न न विचारता "येतो" म्हटलं.

शुक्रवारी शेजारच्या मावशी पालक मागायला मागच्या दारी आल्या. त्या लातूरकडच्या, दोन्ही मुलं कंपनीत. सगळी गल्ली मला सर म्हणते, तशा त्याही म्हणतात. पालक खुडता खुडता मी त्यांना कोंबड्यांचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"सर, कोंबडीला कसलं आलंय दुःख? अंडं घातलं की कोकलती ती. रोज दुपारी कोकलती, मला घरात ऐकू येतं."

"पण पाटीत अंडं नसतं."

"पाटीत एक ठेवता ना?"

"एक म्हणजे?"

"अहो, सगळी नसतात उचलायची. एक मागं ठेवायचं. ते दिसलं की ती परत तिथंच बसती. ताई तर कोळशानं फुली मारून ठेवायच्या, जुनं अंडं चुकून खाण्यात येऊ नये म्हणून. कुठाय ते?"

मी म्हणालो, "टाकलं. मला वाटलं बाद केलेलं आहे."

मावशींनी पदर तोंडाला लावला. "एवढी पुस्तकं वाचली म्हणता," त्या म्हणाल्या, आणि पुढचं त्यांना हसण्यामुळे बोलता येईना. मीही हसलो. त्या घरात किती दिवसांनी हसलो ते आठवत नाही. हसून झाल्यावर लक्षात आलं, की ती फुली तिने स्वतःच्या हाताने मारलेली होती. ते मी मावशींना सांगितलं नाही.

त्यांनी काठीने दुधीची पानं बाजूला केली. शेवटच्या ड्रमच्या मागे, भिंतीला लागून, मातीत खळगा केलेला होता आणि त्यात अंड्यांची रास. मावशींनी बादलीभर पाणी मागवलं. तरंगली ती खराब, बुडाली ती चांगली. सात बुडाली. त्यातली चार त्यांनी पालकाबरोबर ओच्यात घेतली, कारण शोधून त्यांनीच दिली होती, आणि एक माझ्या हातात दिलं. घरात कोळसा नव्हता. मी पेन्सिलीने फुली मारली आणि ते पाटीत ठेवलं. खळगा मावशींनी विटा टाकून बुजवला.

शनिवारी दुपारी तांबडी ओरडली. मी पुस्तक ठेवून मागे गेलो. पाटीत दोन अंडी होती. नवीन उचललं तेव्हा ते गरम होतं. आपण एवढं ताजं अंडं आधी कधीच हातात धरलं नव्हतं, असं वाटलं.

रविवारी मेहुणा आला. दुचाकीच्या मागे बांबूचं डालगं बांधून आणलं होतं.

"धरू का एकेक?" तो म्हणाला.

"राहू दे. इथेच राहतील."

"झुरतायत म्हणला होता ना?"

मी त्याला सगळं सांगितलं. तो पायरीवर बसून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "तायडी असती तर लय बोलली असती तुमाला."

"बोलली असती."

त्याने कोंबड्यांकडे पाहिलं. मग तो म्हणाला, "मी तरी न्हेऊन काय करणार होतो? आमच्या वावराशेजारी आता गोदाम झालंय, दिवसभर ट्रक. एक तरी गेलीच असती चाकाखाली. तुमाला नको झाल्या म्हणून हो म्हणलं."

डालगं रिकामं नेऊ नको म्हणून मी त्याला दोन दुधी आणि मेथीच्या जुड्या दिल्या. दुधी आडवे बसेनात, तेव्हा त्याने ते उभे करून दोरीने आवळले.

"पुढच्या रविवारी येऊ का?" त्याने गाडीला किक मारता मारता विचारलं. "उन्हाचं कोंबड्यांच्या पाण्यात काय घालायचं ते दाखवतो. तुमाला ठाव नसंल."

मला ठाऊक नव्हतं. ये म्हणालो.