पंढरीने ठोकलेला खुंट

पंढरी माझ्याकडे पहिल्यांदा आला तो अर्ज लिहून घ्यायला. मी सरकारी खात्यातून निवृत्त झालेला कारकून, नेरुळला सोसायटीत राहतो. खाडीकाठच्या त्याच्या गावात कुणीतरी सांगितलं होतं, की या भाऊसाहेबांनी लिहिलेला अर्ज परत येत नाही. हे साफ खोटं आहे. माझे अर्जही परत येतात, फक्त जरा उशिरा. पण तारीफ कुणाला आवडत नाही? मी चष्मा लावला आणि बसा म्हटलं.

त्याचं मागणं एवढंच होतं: खाडीत उतरायला पायऱ्या. गावाच्या टोकाला बांध आहे, बांधाखाली उतार आणि उतारावर बायकांनीच रचलेले निसरडे दगड. पुरुष भरतीला होडी घेऊन जातात. बायका ओहोटीला पायी उतरतात आणि गाळात हात घालून चिंबोऱ्या आणि निवट्या मासे धरतात. पंढरीची बायको सखू साठीची, तिचे गुडघे गेलेले, पण चाळीस वर्षांत तिने ओहोटी चुकवली नव्हती. दुपारी पाटी घेऊन ती आमच्या गेटबाहेर बसायची. कुणी घासाघीस करायला लागलं, की पाटीवर फडकं टाकून दुसरीकडे बघत राहायची. मला तिची थोडी भीतीच वाटे.

डॉक्टरांनी तिला दगडांवरून उतरू नका म्हणून बजावलं होतं. पंढरी म्हणाला, खाडी बंद झाली तर ही बाई घरात कुढून मरेल, पायऱ्या तिच्यासाठी पाहिजेत. इतकं स्वच्छ सांगितलं त्याने. आणि मी काय लिहिलं? 'मच्छीमार बांधवांच्या सोयीसाठी.' हाताला वळणच तसं. सखूचं काम, तिचे गुडघे, ओहोटी, यातलं काहीही त्या अर्जात आलं नाही, आणि मला ते तेव्हा खटकलंही नाही.

सात वर्षं तो अर्ज फिरला. गावाला निधी मिळत नव्हता असं नाही. कमान मिळाली. ओपन जिम मिळाली, तिच्यावर लोक जाळी वाळत घालतात. तळ्याचं सुशोभीकरण झालं, बाकडी आली, आणि बाकडं कुणाच्या निधीतून आलं ते पाठ टेकायच्या जागी ठळक अक्षरांत लिहिलेलं. पायऱ्यांचं मात्र दरवर्षी 'पुढच्या वर्षी बघू'. पावसाळ्यात होडी काठावर ओढलेली असली, की पंढरी इस्त्रीचा शर्ट घालून ऑफिसात जायचा आणि बाहेरच्या बाकावर बसून यायचा. तो कधी चिडला नाही. त्याच्या वाटणीचं मीच चिडत होतो.

आठव्या वर्षी मार्च तोंडावर आला आणि कुठलातरी निधी खर्चायचा राहिला, तेव्हा एकदम फोन आला. उद्या सकाळी पाहणी, लाभार्थींनी हजर राहावं. अख्खं गाव गोळा झालं. पुरुष खाली उतारावर साहेबांभोवती, बायका वर बांधावर. इंजिनिअर क्षिप्रा मॅडम होत्या, वयाने लहान, पण कामाला चोख. त्यांच्या फॉर्मवर रकाने होते: होड्या किती, मच्छीमार किती, जाळी किती. पंढरी छाती काढून एकेकाचं उत्तर देत होता. सात वर्षं ज्याला कुणी बसा म्हटलं नाही, त्याला आज सगळे काका म्हणत होते.

मग मॅडमनी विचारलं, "काका, होडी नेमकी कुठे लागते? पायऱ्या तिथपर्यंत घेऊ."

पंढरीने बांबूचा खुंट उचलला, उतारावर थोडं खाली गेला आणि दगडाने तो ठोकला. "हितं," म्हणाला. जागा अगदी बरोबर होती. भरतीला त्याच्या होडीचं नाक तिथेच टेकतं, त्याच्या बापाच्या होडीचंही टेकत असणार. मॅडमनी टेप लावली. साक्षीदार म्हणून फॉर्मखाली सही मी केली.

महिन्याभरात काम झालं. काम चांगलं झालं, हे सांगताना आजही माझा जीव जळतो. मी मुद्दाम जाऊन किल्लीने सिमेंट खरवडून पाहिलं होतं; काही सापडलं असतं तर निदान कुणाला शिव्या तरी घालता आल्या असत्या. फोटोत पाणी यावं म्हणून उद्घाटन भरतीच्या वेळेला ठेवलं होतं. पंढरीच्या हातून नारळ फोडवला. शेवटच्या पायरीला पाणी टेकलं होतं, होड्या डुलत होत्या, आणि तो सारखा मागे वळून बांधावर सखू दिसते का बघत होता.

दुपारी पाणी उतरलं. शेवटच्या पायरीखाली सिमेंटची सरळ भिंत निघाली आणि तिच्या तळाशी, कमरेएवढं खाली, गाळ. बायकांचे दगड ठेकेदाराने बांधकामाच्या पायात भरून टाकले होते. तरण्या पोरींनी पाट्या खाली टाकल्या आणि उड्या मारल्या. सखू शेवटच्या पायरीवर थोडा वेळ उभी राहिली, मग एकेक पायरी चढून घरी गेली.

पंढरीने लाकडी शिडी बांधली, ती दुसऱ्याच उधाणात वाहून गेली. दगड टाकले, ते गाळात बुडाले. शेवटी एक दिवस सखू कुणाला न सांगता भिंतीवरून घसरत खाली उतरली. पाटी भरली, पण वर येता येईना. भरती लागली. पाणी पोटाला आलं तेव्हा शेजारच्या विमलबाई आणि आणखी तिघींनी तिला काखेत हात घालून ओढून काढलं. गुडघा सुजून भोपळा झाला होता. पाटी गेली ती गेलीच.

आम्ही दोघं ऑफिसात गेलो. क्षिप्रा मॅडमनी फाइल काढली, आम्हाला खुर्च्या दिल्या, चहा मागवला. मला भांडायचं होतं आणि ही बाई भांडू देईना. म्हणाल्या, काम मंजूर आराखड्याप्रमाणे झालंय, पूर्ण म्हणून दाखला गेलाय, त्याच जागी तेच काम पुन्हा निधीतून धरता येणार नाही. शिवाय खुंटाच्या पुढे तिवरांची झाडं लागतात, तिथे परवानगी दुसऱ्याच खात्याची. मग फाइल मिटून म्हणाल्या, "काका, बायका ओहोटीला उतरतात हे मला त्या दिवशी कुणीच सांगितलं नाही हो." पंढरीने चहा तसाच ठेवला. मी छताकडे बघितलं.

परत आल्यावर मी त्याच्याबरोबर घरापर्यंत गेलो. सखू दारात पाय लांब करून बसली होती, गुडघ्याला हळदीचा लेप. समोर खाडी उतरत चालली होती, बायका पाट्या घेऊन निघाल्या होत्या, आणि ती त्यांच्याकडे बघत नव्हती. पंढरी तिच्यासमोर उकिडवा बसला.

"सखू, खुंट मीच ठोकला गं," तो म्हणाला. "साहेब लोकांचा दोष नाय."

"मला ठाव हाय. मी वर बांधावर व्हते, बघत व्हते."

"मंग बोलली का नाय? एक हाक मारायची. दहा पावलं खाली गेलो असतो."

सखूने लेपाची सुटलेली खपली बोटाने परत दाबून बसवली. तिच्या आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं.

"चाळीस वरसं माज्या पायाचा चिखल तुमी बघताय," ती म्हणाली. "मला वाटलं, तुमाला ठाव असंल."