समयांच्या रांगेत माझं तोंड

माझे दात इतके पुढे होते, की बस थांब्यावर लागली की आधी ते उतरायचे, मग मी. म्हणून आठवीत वडिलांनी मला घाटकोपरच्या दातांच्या डॉक्टरांकडे नेऊन वरखाली तारा बसवल्या. मुलुंडच्या आमच्या शाळेत दुसऱ्याच दिवशी बारसं झालं: चॅनल गेट. "ए चॅनल गेट, बंद कर गं, कुत्री आत शिरतील!"

खाल्लं की लगेच घासायचं, असा डॉक्टरांचा हुकूम. तारांत काय काय अडकायचं! पोळीचा लगदा, मेथीची पानं. एकदा तर अख्खी गवारीची शेंग निघाली, खोटं वाटेल. शाळेच्या नळावर मी ब्रश काढला की पोरी तिकीट काढल्यासारख्या जमायच्या.

पण मी घासत राहिले, कारण गॅदरिंगच्या नाटकात मला राणी व्हायचं होतं. सगळ्यांचे संवाद मला पाठ होते. बाई म्हणाल्या, "तारा निघाल्या तर राणी तू. हे तोंड घेऊन नाही हं." डॉक्टर म्हणाले, "दात सरळ आलेत. हिरड्या सुजलेल्या नसल्या तर दिवाळीआधी तारा काढतो."

तपासणीच्या आदल्या दिवशी, मालवणहून दिवाळीला आलेली आत्या मोरीत बसून चिंच आणि राखेने समया घासत होती. काळ्याठिक्कर समया सोन्यासारख्या निघत होत्या. मी तोंड उघडं टाकून बघत उभी. आत्याला तारा दिसल्या.

"हय ये गो. तुझा तोंड पण घासून देतंय."

मला त्या समयांत राणीचा मुकुटच दिसला. बसले. तिने माझं डोकं गुडघ्यांत दाबलं आणि नारळाची शेंडी घेऊन सुरुवात केली. माझी किंकाळी ठाण्याच्या खाडीपर्यंत गेली असेल.

"गप गो! चकचकीत व्हया ना?"

सकाळी ओठांचे दोन बटाटेवडे झाले होते. हिरड्यांतून रक्त, दातांवर चिकटवलेले दोन ठोकळे सुटून तारेला लोंबत होते. डॉक्टरांनी विचारलं, "कशाने घासलंस?"

सोबत आलेली आत्या छाती काढून म्हणाली, "चिंच आणि राख!"

डॉक्टर खुर्चीला धरून हसले. मग बाहेर बसलेल्या पेशंटांनाही आत बोलावून माझं तोंड दाखवलं. तारा आणखी वर्षभर राहणार होत्या.

राणी झाली ती माझे संवाद विसरणारी, सरळ दातांची एक ठोंबी. बाईंनी मला राक्षसीण केलं. "मेकअपचा खर्च वाचला," म्हणाल्या. माझं काम एकच: दिव्याखाली यायचं आणि जबडा उघडायचा.

मी उघडला. लहान मुलं रडायला लागली, बाकी सगळं सभागृह खिदळलं. आणि पहिल्या रांगेतून, सगळ्यांच्या वर, माझ्या नाटकासाठी मुक्काम वाढवलेल्या आत्याचा आवाज आला, शेजारणीला सांगत होती:

"बघ बघ, कशी चमकतत! मीच घासलंय."