भिमाबाईचं बेणं

भोसरीच्या भिमाबाईचं रताळं दोन मुठींत मावत नसे. लोक म्हणत, बाईच्या हाताला गुण आहे. ती म्हणे, "हाताला कसला? कंबरंला हाय." खरंच होतं ते. भादव्यात रताळ्याचा वेल सगळं रान झाकतो आणि पेरापेराला मातीत मुळ्या सोडतो. बाकीचे त्या हिरवळीवर खूश होऊन घरी बसत आणि पुढे रताळ्यांऐवजी सुतळ्या खणून काढत. भिमाबाई मात्र वाकून एकेक वेल उचले, त्या मुळ्या तटातटा तोडी आणि वेल वरंब्यावर उलटा टाकी. मग सगळा जोर बुडाशी जाई.

घरानं धम्म घेतला तेव्हापासून तिची एकादशी सुटली होती. पण एकादशीला अर्धं गाव तिचीच रताळी खाई. अर्जुनराव पाटलांकडे ती टोपली ओट्याखाली ठेवून मागे सरायची, मग टोपली उचलली जायची. बाईचा विटाळ व्हायचा, रताळ्याचा होत नव्हता. माणसाची सोय मोठी, दुसरं काय!

पुढे कारखान्यांच्या वसाहतीसाठी जमिनी गेल्या. भिमाबाईची वतनाची पाऊण एकरही गेली, तीही रताळी पोसायला दोन महिने बाकी असताना. तिनं वेलांचे शेंडे कापले, ओल्या पोत्यात गुंडाळले आणि डोक्यावर घेऊन ती भाड्याच्या खोलीत आली. खोलीमागे भिंत आणि गटार यांच्यामध्ये दोन हात जागा होती. तिथे तिनं ते बेणं लावलं. दरवर्षी जुने वेल काढायचे आणि शेंडे पुन्हा लावायचे. पंधरा वर्षांत त्या सावलीत बोटाएवढंही रताळं लागलं नाही. नवराही त्याच खोलीत गेला. शेजारणी म्हणत, उपटून टाका ते. ती म्हणे, "सासूच्या हातचं बेणं हाय. माज्या डोळ्यांदेखत एकदा फळू द्या, मग मी सुटले."

एकोणऐंशी साली तिचा मुलगा साहेबराव, कंपनीत फिटर होता तो, त्यानं चऱ्होलीला गुंठाभर जागा घेतली. घर पुढच्या वर्षी बांधायचं होतं. म्हणजे भिमाबाईला एकच हंगाम मिळाला. तिनं गटाराकडचं बेणं तिथं नेऊन लावलं, आणि नेमकी भादव्यात तिची कंबर धरली. वेल उचलायला सून नीला उतरली. पहिल्याच वेलाच्या मुळ्या तुटल्याचा आवाज आला आणि तिनं हात आखडला.

"आत्याबाई, मरंल की वो!"

"न्हाई मरत. तोड." भिमाबाई बांधावर बसून होती. दिवसभर ती तिथून हलली नाही.

मार्गशीर्षात खणायला घेतलं. पहिल्याच वरंब्यात तांबडं रताळं निघालं, दोन मुठींत न मावणारं. भिमाबाईनं ते मांडीवर घेतलं आणि मोठ्यानं रडली. आळंदीला चाललेले अर्जुनराव रस्त्यात थांबले. आता ते म्हातारे झाले होते. समजूत घालावी म्हणून म्हणाले, "भिमाबाई, रडतीस कशाला? जमीन गेली म्हून तर पोरगं कंपनीत लागलं. आपलंबी या येलावानीच. उचललं, म्हून फळलं."

"येल उचलत्यात, पाटील," ती म्हणाली. "बूड न्हाई उचलत."

अर्जुनरावांची बारा एकरही तिच्या पाऊण एकराबरोबरच वसाहतीत गेली होती. चपला बांधावर काढून ते वरंब्याशी बसले आणि नीलाबरोबर माती उकरू लागले.